फक्त सणालाच येणारा वास

सनोबरच्या नाकावर शंका घ्यायची म्हणजे काय! इस्फाराच्या जर्दाळू-कारखान्यात एकतीस वर्षं ते नाक नोकरीला होतं. रसाच्या पिंपावर वाकून तिने नुसती मान हलवली की अख्खं पिंप गटारात जायचं, आणि मोठ्या साहेबाचीसुद्धा हूं की चूं करायची टाप नव्हती. आणि आता काल मिसरूड फुटलेला तिचा जावई सोबिर तिच्याच अंगणात उभा राहून तिला सांगत होता, "आई, तुम्हाला भास होतात."

"भास? बाळाचं नाव ठेवलं त्या दिवशी तुझ्या गाडीत बसले आणि घरी येऊन भडाभडा ओकले. तोही भासच का रे?"

"जुनी गाडी आहे, आई. माझ्या आजोबांनी घेतलेली. वय झालं की पेट्रोलचा वास यायचाच. आणि तुम्ही म्हणालात म्हणून मी इंजिनाकडचे सगळे पाइप बदलले, पंप नवा घातला, कार्बोरेटर दोनदा खोलला. अजून काय करू, गाडीला अत्तर लावू?"

रोग रेड्याला आणि औषध पखालीला! वास येत होता मागून आणि हे महाशय आठवडाभर पुढे डोकं घालून बसलेले. पण बायकांनी गाडीतलं बोलायचं नसतं ना! सनोबरने मोठ्या कष्टाने तोंड आवरलं.

कारण उद्या बाळंतपणाचे चाळीस दिवस पुरे होत होते. उद्या तिची मोहिरा आणि मोहिराचं बाळ याच गाडीतून सासरी जाणार होते. सोबिरने नवा लाकडी पाळणासुद्धा दुलयांसकट डिकीत चढवून ठेवला होता. पाळण्यात बाळाला पट्ट्यांनी बांधतात, वरून पांघरुणं घालतात. त्या पांघरुणाआड पेट्रोलचा वास कोंडला, तर हातपाय बांधलेलं पोर सांगणार कुणाला?

"खरं सांगू का?" सोबिर जरा नरमला. "वास येतो, पण रोज नाही. रोज बाजारात जातो, तेव्हा काही नसतं. ईदेला आला, नाव ठेवायच्या दिवशी आला, आज आलाय. अम्मी म्हणते दृष्ट आहे. चांगल्या दिवशीच लोकांच्या डोळ्यांत खुपतो आपण. उद्या ती इस्पंद जाळून दृष्ट काढणार आहे."

"सणाच्या दिवशी असं काय करतोस, जे एरवी करत नाहीस?"

"काही नाही. गाडी धुतो. टाकी गळ्यापर्यंत भरतो. अर्ध्या टाकीने बायको-पोराला न्यायला गेलो तर लोक तोंडात शेण घालतील."

 सनोबर घरात गेली, कापसाचे चार बोळे केले आणि अंधार पडायच्या आत गाडीत चार ठिकाणी ठेवून आली. एक कार्बोरेटरपाशी, एक पुढच्या सीटखाली, एक मागच्या चाकाजवळच्या नळीला बांधून, आणि एक डिकीत, पुठ्ठ्याच्या आड बसवलेल्या पेट्रोलच्या टाकीच्या डोक्यावर, फटीतून सरकवून.

सकाळी सोबिर पायी येणाऱ्या आईबापांना आणायला कोपऱ्यावर गेला तेव्हा तिने ते बोळे उचलून मुरंब्याच्या चार बरण्यांत बंद केले. बरण्यांच्या बुडाला खुणा होत्या. डोळे मिटून ती ओट्यावर बसली. कारखान्यातही ती असंच करायची, कारण डोळ्यांनी पाहिलं की नाक लबाडी करतं.

"बरण्यांची अदलाबदल कर आणि एकेक दे," तिने मोहिराला सांगितलं.

तिसऱ्या बरणीला तिचं डोकं भणाणलं. पुन्हा अदलाबदल केली. या खेपेला पहिलीला. पुन्हा अदलाबदल केली, तर शेवटचीला. तिन्ही वेळा बरणी एकच होती, डिकीतली.

ती तडक आत गेली, नवऱ्याच्या जुन्या पेटीतून स्क्रूड्रायव्हर शोधायला. तेवढ्यात विहीणबाई आल्या, मागोमाग व्याहीबुवा. रोबिया म्हणजे तोंडाची तोफ. आल्या आल्या तिने तंदुरातले निखारे लोखंडी तव्यात घेतले, वर इस्पंदाचे दाणे टाकले आणि तडतडणारा तवा घेऊन गाडीला फेऱ्या घालायला लागली. सनोबर बाहेर आली तेव्हा सोबिरने आपल्या अम्मीसाठी डिकी उघडून धरली होती, आणि रोबिया तवा घेऊन आत वाकणार होती.

अंगणात जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावरची चहाची किटली सनोबरने उचलली आणि धावत जाऊन सगळीच्या सगळी तव्यावर ओतली.

"अगं बाई!" रोबिया किंचाळली. "चाळिसाव्याचा इस्पंद विझवला! नातवाच्या मुळावर उठलीस का गं? लेक पाठवायची नाही म्हणून कालपासून नाकाने कांदे सोलतेयस! सरळ सांग ना!"

सनोबरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मुळावर कोण उठलंय ते दाखवते. मोहिरा, पाळणा धर!"

दोघींनी पाळणा खाली उतरवला. सनोबरने पुठ्ठा ओरबाडून काढला. टाकीच्या डोक्यावर गोल चकती होती, सहा स्क्रूंनी बसवलेली, आणि तिच्या कडेने ओल पाझरत होती. सोबिर "आई, मी करतो" म्हणत पुढे आला, तशी ती त्याच्यावर खेकसली, "तू पुढचंच बघ!"

चकती उचलली. खाली जेमतेम बोटभर अंतरावर पेट्रोल डचमळत होतं. आणि चकतीखालचं रबर? चहात बुडवलेल्या नानसारखं फुगलेलं, हाताला गिळगिळीत लागणारं. त्याच्या एका बाजूला लाल लव चिकटलेली होती.

सगळ्यांच्या नजरा व्याहीबुवा हिकमतचाचांच्या पायांकडे वळल्या. मऊ बुटांवर चढवलेले रबरी गलोश, आतून लाल अस्तराचे. त्यांनी एक पाय दुसऱ्यामागे घेतला.

"वसंतात पेट्रोलचा काटा अडकला होता," ते पुटपुटले. "तो दुरुस्त करायला ही चकती काढली, तेव्हा जुनं रबर तुटलं. बाजारात मिळेना. म्हटलं, जुना गलोश कापू. जो पाणी आत येऊ देत नाही, तो पेट्रोल बाहेर कसा सोडेल?"

"सोडतो! कारण पेट्रोल म्हणजे पाणी नव्हे! ते या रबराला खातं. टाकी अर्धी असली की तिथवर पोचत नाही. भरली की पोचतं. आणि तुम्ही भरता सणालाच! ही तुमची दृष्ट!"

"एवढ्याशा रबराने काय होतंय?" रोबिया अजून हटायला तयार नव्हती. "हिचं नाक म्हातारं झालंय. हिला काहीही वास येतात."

सनोबरने पाळण्यातली तळाची दुलई ओढून तिच्या हातात कोंबली. "घ्या. तुमचं तरुण आहे ना? तुमच्या नाकाने बघा."

रोबियाने दुलई नाकाला लावली. झटक्यात बाजूला केली. मग तिने खाली पाहिलं. तव्यातले निखारे चहात भिजून काळे पडले होते. तरी तिने तवा उचलून गाडीपासून लांब नेऊन ठेवला.

"मी डिकीतच धरणार होते गं," ती म्हणाली. "पाळण्याखाली. धूर चांगला लागावा म्हणून."

 घरात बाळ रडायला लागलं. मोहिरा धावत आत गेली आणि सनोबर चकती परत टाकीवर बसवायला लागली. 

सोबिर जवळ आला. "आई, ते काल मी भास म्हणालो—"

"गप्प बस. आतून दुसऱ्या दुलया आण आणि पाळणा डोक्यावर घे. तुमचं घर चार किलोमीटर आहे, चालत जायचंय."