पाखडलेलं बी

सासूबाईंच्या भिंतीवर घरातल्या प्रत्येक पोराचा एक फोटो होता. अंगात बाप्तिस्म्याचा पांढरा झगा, खाली केशरी डेझींचा गालिचा आणि मधोमध उन्हाला वैतागलेलं मूल. ग्रॅनव्हिलचाही होता. डेल्मारी त्याच्याशी लग्न करून कामीसक्रून या वाळवंटाकाठच्या गावात आली, तेव्हाच तिने ठरवलं होतं की आपल्या लेकराचा फोटो त्याच्या शेजारी लागेल. आणि फुलं आपल्या दारची असतील, कारण घराण्याचा रिवाजच तसा होता. उसनी फुलं चालत नसत.

बाप्तिस्मा रविवारी होता. आज गुरुवार, आणि दारात नुसती वाळू होती.

सासूबाईंनी एप्रिलमध्ये उशीच्या अभ्र्यात भरून बी पाठवलं होतं. हिवाळ्यातल्या पावसाआधी भुरभुरून टाक, एवढाच निरोप. तेव्हा लेक मिरेल्डा तान्ही होती आणि डेल्मारी दिसेल ते उकळत, पुसत, चाळत सुटली होती. पहिलंवहिलं मूल, त्यात कॉलेजात जंतूंबद्दल जरा जास्तच वाचलेलं. अभ्र्यात हात घालताच तिच्या अंगावर काटा आला. कागदासारखे पापुद्रे, त्यांत अडकलेले खडबडीत दाणे आणि वर एक मेलेला भुंगा. समुद्राकडचा वारा सुटल्यावर तिने ते सगळं अंगणात पसरट पाटीत घेऊन छान पाखडलं. फोलपटं उडाली, टणक दाणे राहिले. ते तिने ओळीत पेरले आणि हात साबणाने धुतले.

पाऊस झाला. गावभर दारादारांत हिरवं फुटलं. तिच्या वाफ्यात चार रोपं आली, तीही एकमेकांवर रुसल्यासारखी लांब लांब. तिने आधी मुंग्यांना बोल लावला, मग पाखरांना, मग शेजारच्या आंटी ड्रीकाच्या शेळ्यांना.

आंटी ड्रीकाशी तिचं बोलणं नव्हतं. आंटीच्या चुलीचा धूर बाळाच्या खोलीत येतो, असा निरोप तिने ग्रॅनव्हिलकरवी धाडला होता. त्यावर आंटीचं उत्तर आलं होतं की बाळाचा बाप याच धुरात खेळून एवढा धिप्पाड झालाय. तेव्हापासून दोघी एकमेकींना नुसती हनुवटी हलवून ओळख देत. मध्ये पत्र्याचं उंच कुंपण होतंच.

गुरुवारी शेळ्यांना रंगेहाथ पकडायचं म्हणून डेल्मारी पालथ्या टबावर चढली आणि पलीकडे बघतच राहिली. आंटीचं अंगण केशरी झालं होतं. कुंपणाशी दाट, पुढे विरळ, कुणी फुंकर मारून पसरावं तसं. शेळ्या दाव्याला बांधलेल्या, आणि फुलांच्या कडेने जुन्या पलंगाचे लोखंडी कठडे उभे केलेले.

ती खाली उतरली. वाफ्यात बोट घालून तिने माती उकरली. टणक दाणे जसेच्या तसे झोपलेले होते. यंदा उगवायचं बी त्या कागदी पापुद्र्यांतच होतं, आणि तेच तिने कचरा म्हणून उडवून दिलं होतं.

तिने मिरेल्डाला दोन टोप्या घातल्या आणि वाटेत चार शब्द जुळवले. आंटी निखाऱ्यांवर पाव भाजत होती. तिथे पोचल्यावर तोंडून भलतंच निघालं.

"आंटी, ती फुलं माझी आहेत."

"हो का? मग माझ्या शेळ्यांना तूच समजाव. हिवाळाभर शिव्या घालतायत मला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू पाखडत होतीस तेव्हा मी इथेच कॉफी पीत होते. कपभर कागद गिळला मी."

"मग सांगितलं का नाही?"

"तुझ्याशी बोलायला नवरा मध्ये घालावा लागतो, बाई. माझा तर मेलाय."

डेल्मारीला हसावं की रडावं कळेना. धुराचं आपण जरा जास्तच बोललो, असं ती पुटपुटली.

"जास्त नाही, लांबून बोललीस," आंटी पाव उलटत म्हणाली. "आण रविवारी पोरीला. बी तुझं, वारा देवाचा. अंगण तेवढं माझं, ते काही मी उचलून नेत नाही. आणि चर्चमधून धावत येऊ नकोस. ऊन चढल्याशिवाय ती फुलं डोळे उघडत नाहीत."

रविवारी ऊन चढलं आणि फुलं उघडली. मिरेल्डाला फुलांत बसवण्याआधी डेल्मारीने विंचवाच्या भीतीने जागा काठीने ढवळून घेतली. सासूबाई शेजारच्या अंगणाकडे बघत होत्या, मग सुनेच्या वाफ्याकडे, मग पुन्हा शेजारी. त्यांनी काही विचारायच्या आधीच डेल्मारीने सगळं सांगून टाकलं, पाखडण्यासकट.

सासूबाईंनी नातीचा झगा सारखा केला. मग ग्रॅनव्हिलला म्हणाल्या, "काढ फोटो. फुलं दारचीच आहेत. कुंपण कुणीतरी भलतीकडे घातलंय."

तेवढ्यात मिरेल्डाने मूठभर फुलं उपटून तोंडात कोंबली. डेल्मारीचा हात पुढे झाला.

"राहू दे," आंटी ड्रीका म्हणाली. "तिच्या बापानेही खाल्ली होती."

फोटोत डेल्मारीचा तो अर्धवट हात आलाय, मागे धूर आणि एक शेळी. भिंतीवर तो ग्रॅनव्हिलच्या शेजारीच आहे.