चिंतनाला बसलेली गाडी

रविवारी सकाळी पांढरी गाडी वाहनतळाच्या दुसऱ्या टोकाकडून एकटीच निघाली. आत कोणी नव्हतं. स्टिअरिंग मात्र कोणीतरी अदृश्य बसलं असावं तसं डावीकडे, उजवीकडे फिरत होतं. खांबांमधून वाट काढत गाडी आमच्या पुढ्यात आली, थांबली आणि तिनं दोनदा दिवे मिचकावले.

साठ-सत्तर माणसांनी तोंडात बोटं घातली. दातांचे डॉक्टर सगळ्यांत पुढे होते. एरवी बुवा-बाबांचं नाव काढलं की नाक मुरडणारा हा माणूस. त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. एका बाईंनी गाडीच्या टपावरून हलकेच हात फिरवला, आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा. मला शिसारी आली. अडाण्यांच्या भोळेपणाची कधी आली नव्हती, पण या शिकल्यासवरल्यांची आली.

गाडीचा मालक कानाला माइक लावून उभा होता. पांढरे बूट, गुळगुळीत हसू. सगळे त्याला ‘सर’ म्हणत. मी मनातल्या मनात त्याचं नाव आवृत्तीबुवा ठेवलं होतं, कारण तोंड उघडलं की त्याची गाडी आवृत्तीवर यायची.

"कंपनीच्या आवृत्तीत गाडी रस्ता बघते," तो सांगत होता. "त्यापुढच्या आवृत्तीत गाडीला रस्ता समजतो. आणि मी देतो त्या आवृत्तीत गाडीला रस्ता आधीच ठाऊक असतो."

याचा अर्थ काय, असं कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आमच्या संकुलात विजेवर चालणाऱ्या बावीस गाड्या आहेत आणि त्यांच्या मालकांचा फोनवर एक ग्रुप आहे. दिरांच्या फोनवरचे निरोप मीच त्यांना वाचून दाखवते, म्हणून मला तिथलं सगळं ठाऊक. सकाळी उठल्यापासून तिथे एकच चर्चा: तुम्हाला अपडेट आलं का? एकाच्या गाडीचा ब्रेक अपडेटनंतर मऊ लागू लागला. दुसऱ्याच्या गाडीचे वायपर कोरड्या ठणठणीत उन्हात काच पुसत सुटले. तिसऱ्याची बॅटरी पूर्वीपेक्षा लवकर उतरू लागली, तर त्यानं लिहिलं की त्यातही कंपनीनं बॅटरीचं भलंच पाहिलं असणार. एका वकिलांना गाडीनं अर्धा तास आत कोंडून ठेवलं होतं, आणि तो किस्सा ते कौतुकानं सांगत. काल होती तशी गाडी आज का नाही, हे कंपनीला खडसावून विचारायला कोणी तयार नव्हतं. ज्याला अपडेट आधी येई तो भाव खाई. ज्याला येत नसे तो आपलंच काही चुकलं असेल, अशा चेहऱ्यानं फिरे. आवृत्तीबुवाला असंच नांगरलेलं शेत हवं होतं.

तो प्रत्येकाच्या गाडीला आपली ‘खास आवृत्ती’ देई. पडद्यावर निळं वर्तुळ फिरे, एक गोड आवाज मालकाचं स्वागत करी आणि शेवटी स्टिअरिंगच्या एका बाजूला काडेपेटीएवढी सीलबंद काळी डबी घट्ट बसवली जाई. तिला तो अभ्यास-सेन्सर म्हणे. पूर्वी हात सुटले की गाडी ‘हात ठेवा, हात ठेवा’ म्हणून ओरडायची. डबी लागली की ती गप्प. चमत्कार म्हणतात तो हाच. दातांचे डॉक्टर महामार्गावर वीस मिनिटं हाताची घडी घालून बसून आले होते आणि भेटेल त्याला ते सांगत होते.

पंपांच्या कारखान्यातल्या इंजिनिअरची गाडी मात्र खांबाला घासली. आवृत्तीबुवानं त्याला चारचौघांत विचारलं, "ब्रेकला पाय लावला होता का?"

"अगदी शेवटच्या क्षणी," इंजिनिअर म्हणाला.

"मग? तिला वाटलं, तुमचा विश्वास नाही."

लोक हसले. आणि पंचवीस वर्षं पंपांचे आराखडे तपासलेला तो माणूस मान खाली घालून उभा राहिला.

हे सगळं मी गच्चीतून बघून सोडून दिलं असतं. पण त्या बावीस गाड्यांमधली एक माझ्या धाकट्या दिरांची होती.

भाऊजींनी उभं आयुष्य पुलांचे नकाशे काढले. केसाएवढी बारीक रेघ ते हात न कापता ओढत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांच्या मधोमध काळा डाग धरला. कडेकडेचं दिसतं, समोरचं तेवढं दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, गाडी बंद. त्यांनी बंद केली, आणि त्या दिवसापासून माणूस खुर्चीत आक्रसत गेला. नातीला पोहायला नेणं हे त्यांचं काम होतं, तेही गेलं. हे दुखणं त्यांनी आवृत्तीबुवाला सगळ्यांदेखत सांगितलं. त्यानं खांद्यावर हात ठेवला.

"काका, आता डोळे गाडीचे. तुम्ही फक्त बसायचं. पथ्य एकच: आठ दिवस गाडीला शिकू द्या, आणि नंतर हात लावू नका. हात लावलात की तिचं शिकणं पुन्हा पहिल्यापासून."

त्या रविवारी आठ दिवस पूर्ण होत होते. साडेअकराला पोहण्याचा वर्ग होता. त्यांचा मुलगा आणि सून दोघंही रविवारची पाळी करत होते. नऊ वर्षांची नात पाठीला पिशवी लावून भाऊजींच्या गाडीशेजारी उभी होती. आदल्या संध्याकाळपासून मी त्यांच्याशी भांडत होते. तुमच्या मुलाला सांगेन असं मी म्हणाले, तर त्यांनी आठ दिवस बोलणार नाही अशी तंबी दिली. माझ्या हाती पुरावा नव्हता आणि त्यांच्या हाती आशा होती.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही ट्रंक कॉलच्या जमान्यातल्या. तुम्हाला नाही कळायचं."

खरंच आहे. एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसले. कानाला हेडफोन, समोर भोकांच्या रांगा, हातात दोऱ्या. आम्ही चौदाजणी एका ओळीत बसायचो. कोणाचं लग्न ठरलं, कोणाची सासू खाष्ट, हे दोन कॉलच्या मधल्या फटीत कळायचं. गावाला मात्र आम्ही दिसतच नव्हतो. एक म्हातारे गृहस्थ रोज सकाळी फोन उचलून म्हणायचे, "यंत्रा, किती वाजले?" मी सांगायची. ते यंत्राचे आभार मानायचे. त्यांची समजूत मी कधी दुरुस्त केली नाही, आता वाटतं करायला हवी होती.

आमच्यात एक कडक नियम होता. रिलीफ आल्याशिवाय बोर्ड सोडायचा नाही. बदली बाईनं तुमच्या शेजारी येऊन हेडफोन चढवला की मगच उठायचं. माणसं कमी असली की तासन्‌तास रिलीफ मिळायचा नाही. शेवटी अगदीच निकड झाली की एखादी पळायची, आणि तेवढा वेळ तिच्या बोर्डावरचे दिवे नुसते लुकलुकत राहायचे. तिकडे लोक म्हणायचे, लाइन मेली. लाइन मेलेली नसायची. बाई मोरीत गेलेली असायची.

पावणेअकराला ती पांढरी गाडी वाहनतळातून अंगणाच्या मध्यावर येऊन थांबली. हलेना.

"चिंतन," आवृत्तीबुवानं आवाज खाली आणला. "सकाळपासून पाहिलेलं सगळं ती मनात घोळवतेय. कृपया शांतता."

सत्तर माणसं फोन बंद करून, हात बांधून, बंद पडलेल्या गाडीसमोर गप्प उभी राहिली. मागच्या रविवारीही याच वेळेला तिचं चिंतन झालं होतं, सात-आठ मिनिटं. सगळे गाडीकडे बघत होते. मी उलटीकडे बघितलं.

जनरेटरच्या खोलीमागे राखाडी रंगाची व्हॅन उभी होती, काचांना पडदे. पहारेकऱ्यांच्या संडासातून पस्तिशीची एक बाई घाईघाईनं बाहेर पडली आणि ओले हात कुर्त्याला पुसत व्हॅनकडे निघाली. मी तिच्या वाटेत उभी राहिले.

"रिलीफ नाही का गं कोणी?"

ती थबकली. हा प्रश्न तिला कोणी कधी विचारला नसावा.

"नाही," ती म्हणाली. "सकाळी सातपासून एकटीच आहे." आणि मग जीभ चावली.

व्हॅनचं दार उघडंच राहिलं होतं. आत टीव्हीसारखे तीन पडदे, त्यांवर आमचं अंगण तीन बाजूंनी. खुर्चीसमोर खरं स्टिअरिंग, खाली ब्रेक आणि एक्सिलेटर. मधल्या पडद्यावर दातांच्या डॉक्टरांचं भाविक तोंड मोठं दिसत होतं.

मी आरडाओरडा केला नाही. ती मला आमच्या बोर्डावरचीच एक वाटत होती. पूर्वी ती सामान पोचवायचा टेम्पो चालवत असे, हे तिनं सांगितलं. बाकीच्यांच्या गाड्याही तीच चालवते का, असं मी विचारलं.

"छे. सगळं सामान फक्त सरांच्या गाडीला बसवलंय. त्यांच्या गाड्यांना नुसती डबी."

"डबीत काय असतं?"

"शिसं. मीच भरते. गाडी हाताच्या ओझ्यावरून ओळखते ना हात आहे की नाही ते. डबी लटकवली की तिला वाटतं, हात आहे."

म्हणजे गाडीनं शहाणपणानं विचारलेला प्रश्न, आहे का कोणी लक्ष द्यायला, आणि त्याला उत्तर म्हणून ही शिशाच्या ढेकळाची थाप. मी तिला भाऊजींचे डोळे सांगितले. पिशवी लावून उभी असलेली पोर पडद्यावर दाखवली.

"माझं काम जाईल, आजी."

"जाईल," मी म्हणाले. खोटं सांगून काय करू?

तिनं खुर्चीत बसून हेडफोन चढवला. मग हात लांब करून व्हॅनच्या काचांवरचे पडदे एकेक करून बाजूला सारले, आणि दार तसंच सताड उघडं ठेवलं.

मी परत येईतो गाडीचं चिंतन संपलं होतं. ती डौलात वळली, टाळ्या पडल्या. भाऊजी आपल्या गाडीत बसून नातीला म्हणत होते, बस पुढे. मी गर्दीच्या मधोमध गेले आणि बोर्डावरचा जुना आवाज काढला, मोठा नाही पण शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा.

"गाडीकडे नंतर बघा. आधी मागे वळून त्या व्हॅनकडे बघा."

ते वळले. उघड्या दारातून ती बाई स्वच्छ दिसत होती. तिनं स्टिअरिंग डावीकडे नेलं, अंगणातली गाडी डावीकडे गेली. तिनं उजवीकडे नेलं, गाडी उजवीकडे आली. मग तिनं ब्रेक दाबला, दोन्ही हात वर केले आणि तसेच धरून ठेवले. गाडी जागच्या जागी उभी राहिली.

"आता चिंतन नाही," मी म्हणाले. "बाईचे हात वर आहेत."

आवृत्तीबुवाची कुजबुज कानाच्या माइकनं सगळ्यांना ऐकवली. आपल्या बाईला तो जे बोलला ते मी लिहिणार नाही. मग गळा साफ करून त्यानं सांगितलं की ही केवळ सुरक्षेसाठी देखरेख आहे. मी इंजिनिअरला म्हणाले, तुमची डबी फोडा. तो कचरला. सील तोडलं तर अपडेट रद्द होतं, असं पुटपुटला. मी म्हणाले, मग होऊ दे रद्द. अखेर त्यानं गाडीतून पकड आणली, डबी उचकटली आणि तळहातावर एक काळपट गोळा पडला. त्यात ना तार होती, ना चिप.

"शिसं आहे," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

"पण मग माझी गाडी वीस मिनिटं कशी चालली?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं.

उत्तर इंजिनिअरनंच दिलं, हळू आवाजात. गाडीत कंपनीनंच दिलेली सोय आहे. रस्त्यावरचे पट्टे स्वच्छ असतील तर ती त्यांच्यामध्ये राहते. पण पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलंय, नजर रस्त्यावर, हात स्टिअरिंगवर. जिथे पट्टे पुसले असतील तिथे ती माणसाला हाक मारणार. आपण त्या हाकेचंच तोंड बांधलं.

आवृत्तीबुवा केव्हा निसटला ते कळलं नाही. व्हॅनमधल्या बाईला मी घरी आणून पाणी दिलं. आणि खरी किळस यानंतरची. त्याच दुपारी ग्रुपवर वकिलांनी लिहिलं: माणूस फसवा निघाला, पण पुढच्या आवृत्तीत हे खरंच होणार आहे. त्याखाली अकराजणांनी अंगठे उमटवले.

पण त्याआधी, अंगणात भाऊजी गाडीतून उतरले तेव्हा नात म्हणाली, "आजोबा, उशीर होतोय." ते तिच्यासमोर वाकले.

"तुझ्या वर्गाला बसनं जाऊ. मला तू दिसतेस, पण तुझा चेहरा दिसत नाही. दोन वर्षं झाली."

ती जरा विचारात पडली. मग त्यांच्या समोरून सरकून कडेला जाऊन उभी राहिली. "इथून?"

"थोडासा," ते म्हणाले. आणि गाडीची किल्ली त्यांनी आपण होऊन माझ्या हातात दिली.

मी यंत्रांच्या विरोधात नाही. यंत्रांनीच माझं पोट भरलं. उद्या एखादी गाडी खरोखर आपली आपण चालू लागली तर ते सोन्याहून पिवळं. पण ती चालते हे उजेडात, पडदे उघडून, हवा तितक्या वेळा दाखवता आलं पाहिजे. तोवर नवी सोय आली की विचारा: ही काय बघते, काय बघत नाही, चुकली तर कोण जबाबदार, आणि हिच्यामागे कोण बसलंय. विचारल्यानं यंत्राचा अपमान होत नाही आणि त्याचं शिकणंही बिघडत नाही. शंका घेतलीत तर चालणार नाही असं जो सांगतो, त्याच्या गाडीत बसू नका. पोरांना तर मुळीच बसवू नका.