माझं चारकोपचं चाक

मित्रांनो, रोज सकाळी साडेदहाच्या सुमाराला मी तुमच्या डोक्यावरून जातो. पण इतक्या उंचावरून, की तुम्हांला दिसत नाही. मी एक जुना उपग्रह आहे. पृथ्वीचे फोटो काढणं हे माझं काम. पाच वर्षं टिकेन अशा हिशेबाने मला घडवलं, आणि आता अकरावं चालू आहे. वरची सगळी वर्षं मला माणसांनी दिली.

माझ्या पोटात तीन चाकं आहेत. ती जागच्या जागी गरगरतात, म्हणून मला अंग वळवता येतं आणि कॅमेऱ्याचा डोळा हवा तिथे रोखता येतो. त्यांतलं एक चाक चारकोपच्या निळ्या पत्र्याच्या शेडमध्ये जन्मलं. जयवंतकाकांनी ते लेथवर कातलं, बोटाने फिरवलं आणि डोळे मिटून त्याला कान लावला. इतक्या जवळून पुन्हा माझं कुणी ऐकलं नाही.

मुलुंडच्या एका इमारतीतून जानकी मला सांभाळते. माझी बॅटरी थकली आहे. मी पृथ्वीच्या सावलीत शिरलो की ती माझी उपकरणं निजवते, उन्हात आलो की उठवते. दिवसातून चौदा वेळा! लेकराचंही कुणी इतकं करत नसेल.

गेल्या वर्षी चारकोपचं चाक अडलं.

"दे एक जोराचा झटका," जानकीसोबत काम करणारा हर्षद म्हणाला. "आमचा जुना टीव्ही असाच चालायचा यार."

"टीव्ही हाताशी होता रे. हा सहाशे किलोमीटरवर आहे."

पण दुसरं काही सुचेना, तेव्हा तिनेही चाकाला विजेचा झटका दिला. चाक हललं नाही. बॅटरी मात्र खाली गेली, आणि मी सगळं मिटून, उन्हाकडे तोंड करून पडून राहिलो.

वरिष्ठांचा निरोप आला : शुक्रवारपर्यंत चाक फिरलं नाही, तर हा उपग्रह कायमचा बंद. माझ्या जागी येणारा उपग्रह अजून दोन वर्षं दूर होता. तोवर भांडुपच्या खाडीकाठी तिवरांवर कुणी राडारोडा टाकला, तर वरून बघणार कोण?

जानकीने चारकोप गाठलं. काका आता सत्तरीचे. ऐकून खवळलेच.

"झटको? लाथ मारून दगडाचा जातां फिरता काय गो?"

"मग काय करू, काका?"

"थंडीन आखडलला आसतला ता. आधी ऊब दी. मगे जरा मागे, जरा फुडे. माझी आवस दळताना गायची, ता आयक."

आणि लेथवर हात ठेवून त्यांनी आईची ती ओवी म्हटली :

जोर लाविता अडते, माया लाविता फिरते
जाते दगडाचे बाई, त्याला सुद्धा कळते

जानकीने चाकाजवळचा हीटर लावला. बुधवारी मागे-पुढे केलं, काही नाही. गुरुवारी काही नाही. शुक्रवारी काका स्वतःच मुलुंडला येऊन बसले. मी मुंबईवर असतो जेमतेम दहा मिनिटं. त्यांतली सात गेली, आणि चाक केसभर सरकलं.

"वाट लागली! उलटं फिरतंय!" हर्षद ओरडला.

"फिरांदे!" काका म्हणाले. "मागे जाताहा, म्हणजे सुटलाहा. आता हात आवर, चेडवा."

जानकीने हात आवरला. चाक सावकाश मागे गेलं, थांबलं आणि मग पुढे फिरू लागलं. मी अंग वळवलं, मित्रांनो! किती दिवसांनी!

पहिला फोटो जानकीने चारकोपचाच मागितला. काका तो हातात धरून शोधत राहिले.

"माझी शेड खंय?"

"हा काय, निळा ठिपका."

काकांनी ठिपक्यावर बोट ठेवलं. मग हर्षद हसत असतानाच त्यांनी डोळे मिटले आणि कागदाला कान लावला.

मित्रांनो, एक दिवस मी थांबेनच. त्याचं दुःख नाही. माझ्या वाट्याला फार माया आली. तुमच्या घरात काही अडलं, यंत्र असो की म्हातारं माणूस, तर झटका देऊ नका. आधी ऊब द्या, आणि जरा कान लावून बघा. आत अजून काहीतरी फिरत असतं.