हेड उघडावं लागेल

जावयाने बंपरवर लाथ घातली, तशी बॉनेटखालून वाफ फुसकन बाहेर आली आणि तो शिवी हासडत मागे सरला.

"जावईबापू, सावलीत बसा जरा. मी बघतो," म्हातारा मिस्त्री म्हणाला. जावई समोर आला की त्याचा आवाज आपोआप खाली यायचा. वाईट खोड.

या गृहस्थाने लग्नापासून लेकीला बापाच्या दारात पाऊल टाकू दिलं नव्हतं. आज गाडी नेमकी बापाच्याच गॅरेजसमोर तापून बंद पडली, म्हणून नाइलाज झाला. लेक उतरली, बापाकडे बघून हसली आणि लगेच तिने तोंडावर हात धरला. पुढचा दात नव्हता.

"पडले मी, बाबा."

"धांदरटच आहे," जावई म्हणाला. "किती वेळ लावणार? आजच्या आज घरी पोचायचंय."

म्हाताऱ्याने रेडिएटरच्या बाटलीतलं पाणी पाहिलं, ते पुरेसं होतं. पाइप धड होते. इंजिन चालू केलं. काटा लालवर गेला तरी इंजिन थंड करणारा पंखा ढिम्म. त्याने फ्यूजची डबी उघडली. पंख्याच्या फ्यूजची जागा रिकामी होती.

फ्यूज जळतो, त्याला पाय फुटत नाहीत. कुणीतरी तो अलगद उपसला होता, आणि कुठला उपसायचा हे त्या घरात एकाच माणसाला ठाऊक होतं. ते माणूस या गॅरेजात लहानाचं मोठं झालं होतं. म्हाताऱ्याने मान वर केली. लेक श्वास रोखून त्याच्याकडेच बघत होती.

नवा फ्यूज घातला असता तर गाडी लगेच निघाली असती. आणि गाडीबरोबर तीही.

"हेड उघडावं लागेल," तो म्हणाला. "गाडी आठवडाभर हलायची नाही."

तापल्या इंजिनाचं हेड उघडायचं नसतं. ते वाकतं, कामातून जातं. हे त्यानेच लेकीला शिकवलं होतं. वरचं झाकण काढून त्याने पाना लावला आणि सगळा जोर लावून पहिला बोल्ट सोडवला.

"मग आम्ही बसने जातो."

जावयाने तिचं मनगट पिरगाळून तिला रस्त्याकडे ओढलं. म्हातारा आडवा आला, तसा त्याच्या तोंडावर ठोसा बसला. ओठ फाटला, डोकं गाडीच्या दारावर आपटलं. जावयाने आता तिचे केस धरले. म्हातारा उठला आणि त्याने हातातला पाना त्या हातावर घातला, जीव खाऊन. हाड वाजलेलं तिघांनाही ऐकू आलं.

जावई खाली बसला आणि हात पोटाशी धरून ओरडू लागला. "तुरुंगात टाकीन थेरड्या तुला! आणि तू बघतेस काय? उठव मला!"

तिने त्याला वळसा घातला. भिंतीवरचा दुसरा पाना काढला, बाह्या मागे सारल्या आणि इंजिनाच्या दुसऱ्या बाजूचे बोल्ट सोडवायला घेतले.

"तुम्ही व्हा पुढे," ती वर न बघता म्हणाली. "मला इथे वेळ लागेल."