कोऱ्या पाठीची कार्डं

शक्यता सांगणं हे माझं अकरा वर्षांचं काम, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोरा होता. चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं प्रवेश सल्ला केंद्र आहे. बाहेरच्या खोलीत भिंतभर फोटो, नामांकित विद्यापीठांच्या फाटकापाशी उभं राहून दात काढणाऱ्या मुलांचे. आतल्या खोलीत केंद्राचे मालक म्हणजे आमचे सर, मी आणि कार्डांचं कपाट. आईबाप मुलाला घेऊन येतात, खुर्चीच्या टोकावर बसतात आणि विचारतात, "किती शक्यता आहे?"

पद्धत साधी. मुलाचे गुण आणि विषय पाहायचे, तशाच जुन्या मुलांची कार्डं काढायची. कार्डाच्या पुढच्या बाजूला गुण, पाठीवर कुठे प्रवेश मिळाला आणि कुठे नाही. मिळालेले किती, एकूण किती, की झाला आकडा तयार. डॉक्टरसुद्धा इतक्या ठामपणे बोलत नसतील.

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. त्याची मुलगी बारीक आणि सतत काहीतरी लिहीत बसलेली, म्हणून घरात सगळे तिला पेन्सिल म्हणतात. तिने चार मोठ्या विद्यापीठांत अर्ज केले होते. त्यांचे निकाल यायच्या आधीच जवळच्या कॉलेजचं पत्र आलं. जागा पक्की, पण दहा दिवसांत होकार द्यायचा, आणि होकार दिला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे.

भाऊ ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या टेबलाशी आला. कामाचे कपडे अंगावरच होते, म्हणून बसलाही नाही.

"ताई, हे नक्की आहे. हे घेऊन टाकू का?"

मी पेन्सिलीसारख्या मुलांची कार्डं काढली. एकतीस निघाली, त्यातल्या एकोणीस जणांना प्रवेश.

"साठ टक्के," मी म्हटलं. "आणि तिने चार ठिकाणी अर्ज केलेत. कुठेतरी लागणारच. सोड हे कॉलेज."

"तू म्हणतेस तर सोडतो."

हा माणूस लहानपणापासून माझं ऐकत आलाय. मी सांगितलेलं त्याने कधी दोनदा तपासलं नाही. दहा दिवस गेले आणि कॉलेजने ती जागा दुसऱ्या कुणाला दिली.

मग तीन आठवड्यांत चार नकार आले. चारही तितकेच गोड शब्दांत. चौथा आला तेव्हा पेन्सिल माझ्या स्वयंपाकघरात कप विसळत होती. तिने फोन पाहिला, पालथा ठेवला आणि उरलेला कपही विसळला.

"चाळीसमध्येही कुणीतरी असणारच ना, आत्या," ती म्हणाली. "साठ होते, आणि मी घालवले."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. दुर्दैव म्हणून रडले, चूक म्हणून नाही. चूक तोवर मला दिसलीच नव्हती.

दरवर्षी निकाल संपले की मी कपाट साफ करते. ज्या मुलांनी निकाल कळवला नाही, त्यांच्या कार्डांची पाठ कोरी राहते. अपूर्ण कार्ड ठेवून काय उपयोग, म्हणून ती रद्दीत. हा नियम माझाच, आणि त्यासाठी सरांनी माझी पाठ थोपटली होती. त्या दुपारी एकेक कोरं कार्ड बाजूला टाकत होते आणि हातात पेन्सिलीचं आलं. त्याची पाठ कोरी होती. लिहायला माझा हातच धजला नव्हता. सवयीने मी तेही रद्दीच्या ढिगावर टाकलं.

आणि तिथेच बसून राहिले.

ढीग पुन्हा उपसला. पेन्सिलीसारख्या गुणांची चौदा कार्डं निघाली, चौदाही कोरी. मी तिघांना फोन लावला. एकाने माझं नाव ऐकून कट केला. एकीची आई म्हणाली, "आम्ही घरात तो विषय काढत नाही." तिसरा मुलगा मला चांगल्या ओळखीच्या आवाजात राँग नंबर म्हणाला. प्रवेश मिळालेली मुलं फोटो घेऊन जिना धावत चढतात. न मिळालेली समोरच्या फुटपाथने जातात. एवढी साधी गोष्ट अकरा वर्षांत माझ्या डोक्यात शिरली नाही. ज्यांचं झालं नाही त्यांना मी दरवर्षी स्वतःच्या हाताने फेकत होते, आणि उरलेल्यांकडे पाहून लोकांना आशा देत होते.

सरांना सांगितलं. ते चष्मा पुसत राहिले.

"ते कळवत नाहीत, त्याला आपण काय करणार? त्यांनी न सांगितलेला निकाल आपण कसा लिहायचा?"

मी पेन्सिलीच्या कार्डाच्या पाठीवर चार वेळा 'नाही' लिहिलं आणि ते कपाटात लावलं. बत्तीस कार्डं, एकोणीस प्रवेश. एकोणसाठ टक्के आणि वर काहीतरी.

"म्हणजे साठच," सर म्हणाले.

संध्याकाळी मी पेन्सिलीकडे गेले. ती आता झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे. जवळच्या कॉलेजात पुढच्या वर्षी तिला घेणार नाहीत, तिथे त्याच वर्षी पास झालेली मुलं लागतात. मशीन चालू होतं, ती कागद लावत होती. मी काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"मग खरा आकडा किती होता?"

"माहीत नाही. जुनी कार्डं रद्दीत गेली. दहा असेल, पाचही असेल."

तिने कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या. मला वाटलं, आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

"बाबांना सांगितलंस?"

"आता तिकडेच निघालेय."

"नको सांगूस." ती मशीनकडेच बघत होती. "लिफ्ट उघडून बसले की ते ज्याला त्याला सांगतात, माझी मुलगी थोडक्यात हुकली. साठ टक्के होते. तेवढं तरी राहू दे त्यांच्याकडे."

भावाच्या घरी पोचले तेव्हा तो शेजाऱ्याबरोबर दारातच उभा होता. मला पाहून त्याचा चेहरा जरा उजळला.

"ही माझी ताई. हिला सगळं माहीत असतं," तो शेजाऱ्याला म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. "साठ टक्के होते ना गं?"

"हो," मी म्हटलं. "साठ होते."