मागे पडणारे व्यंकटराव

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी मी काळ, काम, वेगाच्या गणितांचं पुस्तक काढलं. नव्या जिल्ह्याला नवे कारकून लागणार होते आणि भरतीच्या परीक्षेत पोरं याच गणितांत अडकत होती. पुस्तक त्यांच्यासाठी आहे असं मी सगळ्यांना सांगायची. खरं म्हणजे मला माझ्या शाळेतल्या व्यंकटराव गुरुजींवर उट्टं काढायचं होतं.

त्या पुस्तकात चालणारा, पळणारा, सायकल हाकणारा जो कोणी आहे, त्याच्यासोबत व्यंकटराव आहेत आणि दर खेपेला ते मागे पडतात. ते अर्धा तास आधी निघतात, तरी नरसिंग त्यांना गाठतो. एका गणितात ते निलंग्याहून सायकलवर निघतात आणि मागून आलेली दगडोबाची म्हैस त्यांच्या पुढे जाते. ते गणित रचताना मी एकटीच खदाखदा हसले होते.

छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या पाशामियाँनी एकदा चष्मा वर करून विचारलंच, "बाई, ये व्यंकटराव कौन जी? हर हिसाब में पिछू रह जाता बेचारा!"

"बेचारा नाही," मी म्हटलं. "तुम्ही छापा."

गणितात वर्गातल्या पोरांची नावं घालायची खोड मूळ गुरुजींचीच. नाव आलं की पोरगं खूश व्हायचं. बहात्तरच्या दुष्काळात मी सातवीत होते. गुरुजींच्या मळ्यातल्या विहिरीला तेवढं पाणी होतं, पण आमच्या बौद्ध वस्तीला तिथं मज्जाव. एका सकाळी माझी आई, सरजाबाई, एक घागर मागायला गेली. गुरुजींनी तिला बांधावरूनच हाकललं. मग ती रोजच्यासारखी तेरणेच्या कोरड्या पात्रात झरा उकरायला गेली.

त्याच दिवशी गुरुजींनी फळ्यावर गणित लिहिलं. सरजाबाई रिकामी घागर घेऊन ताशी सहा किलोमीटर वेगाने नदीवर जाते, भरली घागर घेऊन ताशी तीनने परत येते, तर तिचा सरासरी वेग किती? वर हसून म्हणाले, "आन् वाटंत बसून तासभर रडली, तर किती?"

वर्ग पोट फुटेस्तोवर हसला. मी मान खाली घातली. गणित मला सुटत होतं, पण हात वर करायची लाज वाटली.

पोरांना नवा खेळ सापडला. आई दिसली की "सरजे, वेग किती?" म्हणून तिच्यामागे धावायची. एकदा ओरडणारं कोण ते बघायला ती वळली, ठेचकाळली आणि घागर सांडली. माती पाणी पीत होती आणि आई तिथेच बसून राहिली. त्या दिवशी आमची चूल पेटली नाही. आई जिल्हा व्हायच्या आधीच गेली. ही गोष्ट तिने कधी तोंडावर आणली नाही, पण मी गिळली नव्हती.

पुस्तक लातुरात खपलं, नांदेडातही खपलं. गुरुजी निवृत्त होऊन नांदेडला मुलाकडे राहतात हे मला ठाऊक होतं. पुस्तक त्यांच्या हाती पडावं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हावा, एवढ्याच आशेवर मी होते.

आणि एका दुपारी ते दारात उभे राहिले. एसटीने आले होते, धोतर धुळीने माखलेलं. हातात नारळ आणि शाल!

"नागू, पोरी, गुरूचं नाव राखलंस तू," म्हणाले आणि शाल माझ्या खांद्यावर घातली. "घरात मला कुणी इचारत न्हवतं. आता गल्लीतले पोट्टे पाया पडून राहिलेत. पुस्तकातले गुरुजी म्हणतेत मला. दुसऱ्या आवृत्तीत माझा फोटू टाक म्हणायला आलो."

मी जळून खाक झाले. एवढा खटाटोप केला, आणि हा माणूस हार घालून घ्यायला आला!

"गुरुजी, तुम्ही दर गणितात हरता, हे बघितलंत का?"

"तर! लई हसतो मी. म्हशीचं तर पाठच हाय."

तेव्हा मी सगळं सांगितलं. विहीर, फळ्यावरचं गणित, सांडलेली घागर, काहीही बाकी ठेवलं नाही. माझा आवाज चढत गेला आणि मी चढू दिला. गुरुजी कपाळाला आठ्या घालून ऐकत होते.

"आसं म्हणलो आसंन बी," ते म्हणाले. "सरजाबाई म्हंजे नेमकी कोणती गं?"

मला वाटलं होतं ते रागावतील, नाहीतर माफी मागतील. त्यांना आठवतच नव्हतं. मग मला कळलं की या माणसाचं काय घ्यायचं.

टेबलावर दुसऱ्या आवृत्तीचे कागद पडले होते. त्यांच्या समोर मी लाल पेन घेतलं आणि पहिल्या पानापासून व्यंकटराव खोडायला लागले. आधी त्यांना उमगलं नाही. उमगलं तसे ते खुर्चीतून उठले.

"नागू, आसं करू नको. मला लंगडा कर, गाढवाच्या मागं टाक. पर नाव राहू दे, माय."

माझा हात थांबला नाही. शेवटच्या पानापर्यंत खोडलं आणि त्यांची शाल त्यांच्या हातात परत दिली. दुसऱ्या दिवशी कागद पाशामियाँकडे पोचते केले. व्यंकटरावांच्या जागी मी सिद्धलिंग हे नाव घातलं, या नावाच्या कोणाला मी ओळखतही नाही.

नांदेडचा पुस्तकवाला जिलानी पुढे सांगत होता, नवी आवृत्ती आली त्या दिवशी एक म्हातारा दुकानात उभ्या उभ्या पानामागून पान बोट फिरवून काही तरी शोधत होता. सगळं संपलं की परत पहिल्या पानापासून सुरू करायचा.

शोधू दे.