तळ्यातली जुनी दुपार

प्रयोगशाळेत तिला सगळे चिखलवाली म्हणायचे. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं, कामच चिखलाचं होतं. तळ्याच्या तळाशी लांब नळी खुपसून काढलेला गाळ तिच्या टेबलावर यायचा. त्याचे काप करायचे, ते आम्लात धुवायचे आणि काचपट्टीवर जे उरेल ते बघायचं. उरायचे ते परागकण. कुठल्याशा जुन्या वाऱ्यावर उडून पाण्यात पडलेले आणि हजारो वर्षं न कुजलेले. तेव्हा तळ्याकाठी कुठली झाडं होती, ते त्यावरून ती सांगायची.

देव ती मानत नव्हती. आई लवकर गेल्यावर तिला आत्याने वाढवलं, आणि आत्या रोज पहाटे प्रार्थनेला बसणारी. पण भाचीने कॉलेजात असतानाच आपलं मत सांगून टाकलं, तेव्हा आत्याने आकांडतांडव केलं नाही. "तुझं तुझ्यापाशी," एवढंच म्हणाली. एका छताखाली दोघींचं छान चाललं होतं.

एका दुपारी बाकीचे जेवायला गेलेले असताना सूक्ष्मदर्शकाखाली एक कण आला. तपासणीसाठी घातलेल्या रंगाने गुलाबी झालेला, अंगभर नाजूक जाळी असलेला. भिंग किंचित हलवलं की जाळी वर यायची, आणखी हलवलं की बुडायची, जणू कण झोपेत श्वास घेत होता. ती बघत राहिली. पुढे काय झालं ते तिला कधीच नीट सांगता आलं नाही. आधी पंख्याची घरघर लांब गेली. मग टेबल गेलं, हात गेले. तो कण उडाला ती दुपार आणि ही दुपार एकच झाली. झाड, वारा, पाणी, गाळ, काच, डोळा, सगळं एकाच संथ लयीत हलत होतं. त्यात ती कुठेच नव्हती, आणि नसल्याचं वाईटही वाटत नव्हतं.

भानावर आली तेव्हा ऊन टेबलावरून खाली उतरलं होतं आणि तिचे गाल ओले होते.

तिने पहिला संशय घेतला तो स्वतःवरच. सकाळपासून पोटात काही नव्हतं, कदाचित त्यामुळे झालं असेल. मेंदूतलं कुठलं काम मंदावलं की आपण आणि जग यांतली सीमा पुसट होते, हेही तिने वाचलेलं होतं. सगळं पटत होतं. तरी पटल्यामुळे ती दुपार तसूभरही लहान होत नव्हती.

संध्याकाळी चादरींच्या घड्या घालताना तिने आत्याला सांगितलं.

"म्हणजे भेटलाच तुला शेवटी," आत्या म्हणाली.

"कोणी भेटलं नाही, आत्या. कोणी नव्हतंच तिथे. मीसुद्धा नव्हते."

"मग रडलीस कशाला?"

"खूप बरं वाटलं म्हणून."

आत्याने खोदून खोदून विचारलं. उजेड दिसला का, भीती वाटली का, परत यावंसं वाटलं का. कधीच न पाहिलेल्या गावाची चौकशी करावी, तसं. मग कित्येक दिवस आत्या तिच्याशी कामापुरतंच बोलली. आपल्या नास्तिकपणानेच ती दुखावली, असं भाचीला वाटत राहिलं. अखेर भांडी पुसता पुसता आत्याच म्हणाली, "मला असं कधीच झालं नाही गं. इतकी वर्षं बसते. शांत वाटतं, गुडघे दुखतात. पण हे नाही."

भाचीने हातातलं ताट खाली ठेवलं. मग तिने आत्याला प्रयोगशाळेत यायला सांगितलं.

आत्या ठेवणीतले कपडे घालून आली. भिंगात तिला आधी स्वतःच्याच पापण्या दिसल्या, मग कण दिसला. ती बराच वेळ बघत होती आणि भाची श्वास रोखून उभी होती.

"काय वाटतंय?"

"सुरेख विणलाय," आत्या म्हणाली. "आणि मान अवघडली."

दोघी इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतले डोकावून गेले.

चालत घरी येताना भाचीने आपली अडचण सांगितली. मेंदूत काय झालं असेल याचं वर्णन तिच्यापाशी होतं, पण त्यात ती दुपार बसत नव्हती. 'आध्यात्मिक' म्हणावं तर दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं वाटायचं.

"घे की तो शब्द," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. "माझ्याकडे नुसता पडून आहे."

"पण त्यात देव नसेल हं, आत्या."

"नसू दे. तुला झालं ते खोटं नाही ना? मग झालं तर."

काही महिन्यांनी त्या दुपारबद्दल सांगताना तिने तो शब्द विभागप्रमुखांसमोर उच्चारला. ते पक्के नास्तिक, कोणी काही म्हणालं की पुरावा मागणारे. तिला वाटलं, आता थट्टा होणार. त्यांनी चष्मा काढला आणि ते काचा उगाच पुसत बसले. मग हळूच म्हणाले की तरुणपणी नमुने घ्यायला ते एकटेच होडीतून गेले होते, तेव्हा पाण्यावर काहीतरी झालं होतं. आजवर ते कोणाला सांगितलेलं नाही, कारण सांगायचं कुठल्या भाषेत हेच कळेना.

ती स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली.

"सांगा ना, सर," ती म्हणाली. "जमेल तसं सांगा."